शिवज्योत फेरीबोटीतून नेताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शिवजयंती जवळ आली की कोकणातल्या वाडीवाडीतली मंडळे किल्ल्यावरून गावात शिवज्योत आणण्याच्या तयारीला लागतात. त्याबद्दल वर्तमानपत्रांत दोनच प्रकारच्या बातम्या येतात. एक, ज्योतीचे गावात जंगी स्वागत. दुसरी, मशालीचा भडका उडून कोणी भाजल्याची किंवा मागचा टेम्पो कलंडल्याची. ज्योत प्रत्यक्षात नेतात कशी, यावर फारसे कोणी लिहीत नाही. जे थोडे लिहिले जाते ते घाटावरच्या मंडळांना डोळ्यांपुढे ठेवून. त्यांचा सगळा प्रवास डांबरी रस्त्याने होतो. सागरी मार्गाने ज्योत नेणाऱ्यांना मध्ये खाड्या आडव्या येतात, आणि त्या फेरीबोटीनेच ओलांडाव्या लागतात. हे पत्र त्या पंधरा-वीस मिनिटांबद्दल आहे.

आधी वाट सांगतो. रायगडाहून ज्योत घेऊन म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत दक्षिणेला उतरले की पहिली फेरी बागमांडला ते वेश्वी, सावित्रीच्या मुखावरची. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णे मागे टाकून दाभोळला आले की वाशिष्ठी आडवी येते, पलीकडे धोपावे. गुहागर, हेदवीनंतर तवसाळ ते जयगड ही शास्त्री नदीवरची तिसरी फेरी. मुरुडकडून येणाऱ्यांना याआधी आगरदांडा ते दिघी ही राजपुरी खाडीची फेरी लागते. मुंबईकडे जाणाऱ्या मंडळांना मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी मोठी रो-रो (गाड्यांसकट नेणारी बोट) मार्च २०२० पासून आहे, पण तिचे नियम वेगळे आणि कडक आहेत, तिथे चर्चेला फार जागा नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत. या किल्ल्यांवरून ज्योत आणण्याची हौस आता वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मुख्य मुद्दा एकच: पेटती मशाल फेरीवर चढवू नये. धक्क्यावर ज्योत कंदिलात उतरवावी, पलीकडे कंदिलावरून नवी मशाल पेटवावी.

याला विरोध होतो तो भावनेपोटी. 'ज्योत तुटते' असे पोरे म्हणतात. ज्योत तुटत नाही, वात बदलते. ऑलिंपिकची ज्योत २०२४ साली ग्रीसहून फ्रान्सला 'बेलेम' या शिडाच्या जहाजातून गेली. २७ एप्रिलला पायरियस बंदरातून निघून ८ मे रोजी मार्सेला पोचली, आणि तो सगळा समुद्रप्रवास तिने बंद दिव्यात केला. त्या लोकांजवळ मूळ ज्योतीचे राखीव दिवे नेहमीच असतात. १९७६ साली माँट्रिअलला पावसाने मुख्य ज्योत विझली तेव्हा एका कर्मचाऱ्याने घाईत सिगारेटच्या लायटरने ती पेटवली. आयोजकांनी ती पुन्हा विझवून राखीव दिव्यावरून पेटवली. राखीव दिवा का ठेवायचा याचे याहून चांगले उदाहरण नाही. आपल्याकडे मात्र अनेक मंडळे एकाच मशालीवर सगळा भरवसा ठेवतात आणि ती विझली की गुपचूप काडी ओढतात.

आता फेरीवर धोका नेमका कुठे आहे ते. खुल्या डेकवर पंधरा-वीस दुचाकी दाटीने, तिरक्या उभ्या असतात. हेलकाव्याने एखादीच्या टाकीच्या झाकणातून पेट्रोल पाझरते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता डेकच्या पत्र्यालगत पसरते. मशालीचे पेटते तेल थेंबाथेंबाने पडते तेही तिथेच. त्यात खाडीच्या मुखावरचा वारा ज्वाळा आडवी करतो. रस्त्यावर भडका उडाला तर माणूस मशाल टाकून चार पावले मागे सरकतो. फेरीवर मागे सरकायला गाड्या आहेत, त्यांच्या मागे पाणी.

कंदील कोणता? बाजारात मिळणारा काचेचा साधा वादळी कंदील पुरतो. खाणीत वापरतात तसा जाळीचा दिवा मिळाला तर उत्तम. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने शोधलेल्या त्या दिव्यात तारेची बारीक जाळी ज्वाळेची उष्णता शोषून पसरवते, त्यामुळे ज्वाळा जाळीबाहेर येत नाही. पण तो आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि तो हातात आहे म्हणून पेट्रोलच्या वाफेत उभे राहावे असेही नाही. कंदील दोन हवेत, दोन्ही पेटलेले, दोन वेगळ्या माणसांच्या हातात. काच जादा ठेवा. तापलेल्या काचेवर खाऱ्या पाण्याचा शिंतोडा उडाला की ती तडकते, आणि फेरीवर सर्वांत जास्त वेळा बिघडते ते हेच.

कंदिलात काय घालायचे यावर मंडळांत बराच घोळ आहे. देवाची ज्योत म्हणून काही जण गोडेतेल किंवा तिळाचे तेल घालतात. ते दाट असते. कंदिलाची टाकी खाली आणि ज्वाळा वर, मधले तीन-चार बोटांचे अंतर दाट तेल वातीतून चढत नाही. वातीत आधी भिजलेले तेल जळून जाते, मग नुसती वात जळते आणि दिवा बसतो. समईत तेच तेल चालते कारण तिथे वातीचे टोक तेलाच्या लगत असते. रेशनचे रॉकेल जवळपास मिळेनासे झाल्यामुळे काही जण कंदिलात डिझेल घालतात. ते जळते, पण काजळी इतकी धरते की तासाभरात काच काळी होते आणि ज्योत आहे की गेली ते बाहेरून कळत नाही. रॉकेल किंवा दिव्यासाठी मिळणारे पॅराफिनचे तेल, एवढेच घाला. टाकी पाऊण भरा, काठोकाठ नको. हेलकाव्याने ते बर्नरवर चढते आणि ज्वाळा एकदम मोठी होते. लहान कंदिलाच्या टाकीत साधारण तीनशे मिलिलिटर मावते आणि तेवढ्यात रात्र निघते.

वातीकडेही बघा. फीत सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित गोल करावेत, नाहीतर ज्वाळेला शिंगे फुटतात आणि काच एका बाजूने काळी होते. वात बर्नरच्या वर दोन-तीन मिलिमीटर इतकीच ठेवा. वाऱ्यात ज्योत विझेल या भीतीने लोक वात वाढवतात; त्याने धूर होतो आणि हवेच्या वाटा काजळीने बुजून ती उलट लवकर विझते. कंदील झुलवू नये, तिरका धरू नये. मशालीवरून कंदील पेटवताना मशाल थेट बर्नरला भिडवण्याचीही एक खोड आहे. तेल गळून बर्नर बुजतो. सुताची लांब काडवात मशालीवर पेटवावी आणि तिने कंदील लावावा.

मशालीचे दोन शब्द. डोक्याला सुती कापडच हवे. पॉलिस्टर मिसळलेले कापड वितळून त्याचे पेटते थेंब कातडीला चिकटतात, तसले भाजणे फार खोल जाते. जुन्या धोतराच्या किंवा सुती चादरीच्या पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्या घट्ट गुंडाळून मुठीएवढा बोळा करा, बांधायला लोखंडी तार घ्या. नायलॉनची दोरी पहिल्या दोन मिनिटांत जळते आणि बोळा सुटून पडतो. बोळ्याखाली काठ असलेली लोखंडी थाळी, साधारण पंधरा सेंटिमीटर व्यासाची, गळणारे तेल झेलायला. दांडा साठ-सत्तर सेंटिमीटरचा, वर सुतळी गुंडाळलेली. नुसता लोखंडी पाइप तापतो, आणि धावणाऱ्याला ते हात पोळेपर्यंत कळत नाही. एकूण वजन दीड किलोच्या आत ठेवा.

बोळा तेलात दहा मिनिटे बुडवावा, मग पिळावा, इतका की उलटा धरला तरी थेंब पडू नये. बहुतेक जण पिळत नाहीत; 'जास्त तेल, जास्त वेळ' असा हिशेब असतो. जादा तेल जळायच्या आधीच गळते. खाद्यतेलाला पेट घ्यायला ३०० अंशांच्या आसपास तापावे लागते, रॉकेलला ३५-४० अंश पुरतात. म्हणून मशालीला गोडेतेल किंवा करंजतेल बरे. पेटवायला त्रास होतो तो बोळ्याच्या टोकाला चमचाभर रॉकेल लावून सोडवावा. पेट्रोल आणि थिनर यांना या कामात जागाच नाही. नीट पिळलेला बोळा साधारण वीस मिनिटे जळतो, वाऱ्यात कमी.

सगळ्यांत जास्त माणसे भाजतात ती ज्योत मंद झाल्यावर बाटलीतून जळत्या मशालीवर तेल ओतताना. ज्वाळा धारेवरून चढून बाटलीत शिरते आणि बाटली हातात फुटते. जळत्या मशालीवर कधीही काहीही ओतू नये. भिजवून पिळलेली दुसरी मशाल तयार ठेवावी, पहिलीवरून ती पेटवावी, मग पहिली वाळूच्या बादलीत खुपसावी. मंडळाजवळ चार मशाली असल्या तर हे चक्र रात्रभर चालते. तेलाचा भडका पाण्याने विझवायला जाऊ नका, पेटते तेल उसळून पसरते. वाळूच्या दोन बादल्या, ओले गोणपाट आणि कोरड्या पावडरचे दोन किलोचे अग्निशामक एवढे टेम्पोत असावे, आणि ते ढोलताशांच्या खाली पुरलेले नसावे. कोणी भाजलेच तर भाजलेला भाग वीस मिनिटे थंड, वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको.

आता भरती-सुकती (सुकती म्हणजे ओहोटी). कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब अजून खरा उतरतो: तिथीला पाऊणने गुणावे, पूर्ण भरतीची वेळ मिळते. तिथीनुसार शिवजयंती फाल्गुन वद्य तृतीयेला. तीनाचे पाऊण म्हणजे सव्वादोन. म्हणजे दरवर्षी त्या दिवशी दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि रात्री साडेआठच्या सुमाराला पूर्ण सुकती. बहुतेक मंडळे खाडी ओलांडतात आदल्या दिवशी, द्वितीयेला: भरती दीडला, सुकती पावणेआठला. दक्षिणेकडे, रत्नागिरी-मालवणच्या बाजूला, भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, तेवढे वजा करा. १९ फेब्रुवारीला साजरी करणाऱ्यांनी त्या वर्षीची तिथी पंचांगात बघून हाच हिशेब मांडावा.

पौर्णिमेला दोन-तीनच दिवस झालेले असल्यामुळे पाण्याला उधाणाचा जोर असतो. भरतीला पाणी धक्क्यापर्यंत चढते आणि सुकतीला तितकेच खाली जाते. सकाळी आठच्या सुमाराला धक्क्याचा उतार लांबच लांब उघडा पडतो, खालच्या भागावर शेवाळ आणि चिखल, कडेला कालवे, म्हणजे धारदार शिंपले. श्रद्धेने अनवाणी धावणाऱ्याचा पाय कालवांवर पडला तर तळवा चिरतो आणि त्या मुलाची धाव तिथेच संपते. उतारावर धावायचे नाही, चालायचे. चपला-बूट घालायचे. अनवाणी नवस असेल तर तो वरच्या रस्त्यावर फेडावा. टेम्पोही याच वेळी अडतो: उतार आणि फेरीची फळी यांच्यामध्ये कोन तीव्र होतो आणि मागे लोंबणारा बंपर किंवा स्पीकरची चौकट घासते. गाळ जास्त असलेल्या ठिकाणी अगदी कमी पाण्यात फेरीला थांबावेही लागते.

दुसरीकडे वारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे जमिनीवरून मतलई वारे येतात, मंद. अकरा-बाराच्या पुढे खारे वारे सुरू होतात आणि दुपारी वायव्येकडून चांगलाच जोर धरतात. म्हणून मशाल आणि कंदील दोघांच्याही दृष्टीने सकाळ बरी, उताराच्या दृष्टीने मात्र भरतीकडे जाणारे पाणी बरे. या दोन्हींचा मेळ साधारण साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान बसतो. तो चुकला तर पहाटेची पहिली फेरी घ्यावी, तेव्हा पाणी उतरत असले तरी अजून तळाला गेलेले नसते.

फेऱ्या रात्रभर चालत नाहीत, आणि ज्योतीची मंडळे धावतात रात्री. मंडळांचे वेळापत्रक नेमके इथे मोडते. साडेअकराला धक्क्यावर पोचलेल्या मंडळापुढे दोनच वाटा उरतात: पहाटेपर्यंत मुक्काम, नाहीतर रस्त्याने वळसा. दाभोळहून गुहागरला दापोली, खेड, चिपळूण करत जायचे तर शंभर किलोमीटरहून जास्त, तेही घाटवळणांचे आणि झोप न झालेल्या चालकाने. वळसा घेऊ नये. मुक्काम आधीच धरून वेळापत्रक करावे. धावण्याचा वेग ताशी सात किलोमीटर धरा, खांदेपालट, चहा, स्वागत सगळे त्यात येते. दहाचा हिशेब कागदावरच राहतो. उदाहरणार्थ दाभोळची पहाटेची फेरी घेऊन पावणेआठला धोपावे सोडले, तर गुहागर, हेदवी करत पन्नासेक किलोमीटरवरच्या तवसाळला दुपारी तीनच्या आसपास पोचता. तिथे तेव्हा उतार सोपा, कारण भरती नुकती होऊन गेलेली. वारा मात्र जोराचा. त्या फेरीला कंदिलाच्या दोन्ही काचा नीट बसल्या आहेत का ते धक्क्यावरच बघा.

दाभोळला मुक्काम करणारी मंडळे ज्योत चंडिकादेवीच्या मंदिरात ठेवायला उत्सुक असतात. ते भुयारी देऊळ आहे, आत विजेचा दिवा नाही, समयांच्या उजेडात दर्शन होते. तिथे मशाल नेऊ नका. धूर बाहेर जायला वाट नाही आणि ये-जा वाकून करावी लागते. पुजाऱ्यांची परवानगी असेल तर कंदील नेता येईल.

फेरीवर चढताना काही गोष्टी पाळल्या तर तांडेल (फेरी चालवणारा) आणि खलाशी यांच्याशी वाद होत नाहीत. दोन माणसांनी अर्धा-पाऊण तास आधी पोचावे. १९ फेब्रुवारीला सुट्टी असते, पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, आणि 'ज्योत आहे, पुढे सोडा' असा आग्रह धरला की रांगेतल्या लोकांचा शिवप्रेमावरचा विश्वास उडतो. तिकिटे एकानेच, सगळ्या माणसांची आणि गाड्यांची मिळून काढावीत. बरोबर इंधन किती, स्वयंपाकाचा सिलिंडर आहे का, हे न विचारता सांगावे. सिलिंडरचा रेग्युलेटर काढलेला, जनरेटर बंद. मशालीचे तेल झाकणाच्या धातूच्या डब्यात, पाच लिटरहून जास्त नको. शीतपेयांच्या बाटल्यांत तर नकोच नको. पेट्रोलचा कॅन बरोबर घेऊ नये. टँकर ज्या फेरीत असेल ती सोडून द्यावी. मोठा भगवा ध्वज काठीसह आडवा ठेवावा, फलक गुंडाळावेत. खाडीच्या वाऱ्यात उभा ध्वज शिडाचे काम करतो आणि टेम्पोवरच्या खिळ्यांना जुमानत नाही.

कंदील कुठे ठेवायचा ते तांडेलाने सांगायचे, आपण नाही. बहुधा गाड्यांपासून दूर, केबिनच्या आडोशाला जागा मिळते. तो 'नाही' म्हणाला तर नाही. पुढच्या फेरीला गाड्या कमी असतील तेव्हा विचारावे. फळी वर-खाली होत असताना आणि गाड्या लावल्या जात असताना घोषणा बंद, ढोल बंद. त्या वेळी खलाशी ओरडून किंवा शिटीने चालकाला मागे-पुढे घेत असतो. 'जय भवानी'च्या गजरात त्याचे 'थांब' ऐकू आले नाही तर चाक फळीच्या कडेवर जाते. धक्का सुटल्यावर मग खुशाल गर्जना करा.

वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड, बागमांडल्यासमोर बाणकोटचा किल्ला, तवसाळहून निघाले की समोर जयगड. बघण्यासारखे आहे यात शंका नाही, आणि ज्योत घेऊन या पाण्यावरून जाताना महाराजांच्या आरमाराची आठवण कुणाला होणार नाही! पण कंदील धरणाऱ्या दोघांनी फोटो काढू नयेत आणि काढून घेऊही नयेत. कंदील हातातून सुटण्याचे बहुधा तेच कारण असते.

मालवणची गोष्ट वेगळी. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर पायाभरणी होऊन १६६७ साली पुरा झालेला सिंधुदुर्ग. आत राजाराम महाराजांनी बांधलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर. तिथून ज्योत आणायची तर लहान होडीने. अंतर थोडे, पण होडी हलकी. कंदील हातात धरू नये. फूटभर लांबी-रुंदीच्या लाकडी पेटीत आठ-दहा सेंटिमीटर वाळू घालून त्यात कंदील रोवावा, काथ्याच्या दोरीने बांधावा, पेटी होडीच्या मध्यावर ठेवावी, इंजिनापासून शक्य तितकी दूर. सगळ्यांनी जीवरक्षक जाकिटे घालावीत, कोणी उभे राहू नये, एका बाजूला गर्दी करू नये. रायगड असो की सिंधुदुर्ग, हे किल्ले भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. आत ज्योत पेटवायची तर लेखी परवानगी आधी घ्यावी, ऐन वेळी दारावर हुज्जत घालू नये. ६ जूनच्या राज्याभिषेक दिनासाठी सिंधुदुर्गाहून ज्योत नेऊ इच्छिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मेअखेरीस या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात. खाडीतल्या फेऱ्या पावसातही चालतात, पण वादळी हवामानात त्याही थांबतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे मंडळांचे लक्ष जात नाही. ज्योतीचा हंगाम आणि ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर पडण्याचा हंगाम एकच. वेळास, आंजर्ले, गुहागर ही गावे नेमकी याच वाटेवर आहेत. पिल्ले अंधारात पाण्यावरच्या उजेडाच्या रोखाने जातात. किनाऱ्यावर मशाल, हॅलोजन किंवा गाड्यांचे दिवे असले की ती उलटी, जमिनीकडे फिरतात. रात्रीच्या वेळी ज्योत पुळणीवरून नेण्याचा मोह टाळावा. रस्ता आहे.

या निमित्ताने आपल्या दैनिकामार्फत महाराष्ट्र सागरी मंडळाला आमची विनंती आहे की प्रत्येक फेरीच्या धक्क्यावर एकच ठळक फलक लावावा. त्यावर शेवटच्या फेरीची वेळ, त्या आठवड्याची भरती-सुकती आणि 'ज्योत फक्त कंदिलातून' एवढा मजकूर पुरे. आज काही ठिकाणी कंदील चालतो, काही ठिकाणी तोही नाही, आणि सगळे त्या दिवशीच्या तांडेलाच्या स्वभावावर ठरते. फेरीवर कंदील अडकवायला गाड्यांपासून दूर एक पक्का आकडा आणि खाली वाळूची बादली ठेवली तर खर्च काहीच नाही. बंदर निरीक्षकांनी जानेवारीतच मंडळांची एक बैठक घ्यावी. आपल्या दैनिकालाही विनंती: शिवजयंतीच्या आठवड्यात भरती-ओहोटीच्या वेळा देताना मुंबईबरोबर दाभोळ, जयगड आणि मालवणच्याही द्याव्यात.

आपले,
सागरी मार्गाने शिवज्योत नेणाऱ्या मंडळांतील काही कार्यकर्ते,
दापोली–गुहागर

ता. क. वाळूत विझवलेला बोळा वरून काळा दिसला तरी आत कापूस तासन्‌तास धुमसत असतो. टेम्पोत गोणपाटावर असे बोळे रचून ठेवल्याने ज्योत गावात पोचल्यानंतर टेम्पो पेटू शकतो. ज्वाळा पूर्ण गेल्यावर आणि तेल निवल्यावर बोळे पाण्याच्या बादलीत बुडवा, तार काढून घ्या, आणि उरलेले गावातल्या कचऱ्यात टाका. खाडीत टाकलेल्या एका बोळ्याचा तवंग मासेमारीच्या जाळ्यांना लागतो.